तिसरीच्या पालकांना दर आठवड्याला काय लिहून पाठवावं?

प्रश्न: यंदा पहिल्यांदाच तिसरीचा वर्ग मिळालाय. वर्गात काय चाललंय, मुलं काय शिकताहेत हे दर आठवड्याला पालकांना लिहून कळवायचं आहे. काय लिहू, किती लिहू, आणि पालक ते खरंच वाचतात का?

उत्तर:

शेवटून सुरुवात करते. नाही वाचत. म्हणजे पहिली दोन वर्षं मी जे पाठवत होते ते तरी कुणी वाचत नव्हतं, आणि त्यात पालकांचा काही दोष नव्हता. ‘गणित: वजाबाकी. भाषा: पाठ पाचवा, स्वाध्यायासह. परिसर: पाण्याचे उपयोग.’ मी सरळ माझ्या टाचणातून उतरवून काढत होते. शेवटी एका पालकसभेत एक आई म्हणाल्या, “बाई, पाठ कुठला चाललाय ते कळतं हो. पण मी घरी त्याला विचारू काय?”

तेव्हापासून मी दर आठवड्याचं पत्र त्या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिते. आठ वर्षांच्या मुलाला “आज शाळेत काय केलं?” विचारलं की “काही नाही” हेच ऐकू येतं. तो लपवत नसतो, प्रश्नच त्याच्या कवेत मावत नाही. त्याच मुलाला “५२ मधून २७ कसे वजा करता ते मला दाखव ना” म्हणा, पेन्सिल शोधायला पळेल. म्हणून सगळे विषय थोडे थोडे कोंबू नका. आठवड्याला एकच गोष्ट घ्या, ती वर्गात कशी शिकवली ते लिहा आणि घरी विचारायला एक नेमका प्रश्न द्या.

‘कशी शिकवली’ यावर भर देते, कारण तिसरीत सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ही ५२ वजा २७ च घ्या. आपल्यापैकी अनेकजण शिकलो ते असं: दोनातून सात जात नाहीत, हातचा एक घेतला, बारातून सात गेले पाच; खाली दोन आणि हातचा एक तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५. वर्गात आता बहुधा दशक सुटा करून शिकवतात: ५२ म्हणजे ४० आणि १२, बारातून सात गेले पाच, चाळिसातून वीस गेले वीस. उत्तर तेच. जुन्या रीतीत दोन्ही संख्यांत दहा दहा मिळवलेले असतात, त्यामुळे फरक बदलत नाही. नव्या रीतीत वरच्याच संख्येची मोडणी बदलते. दोन्ही बरोबर आहेत. पण मूल अर्धं शाळेतलं आणि अर्धं घरचं ऐकून वरच्या पाचाचे चार करतं, खालच्या दोनाचेही तीन करतं आणि उत्तर लिहितं १५. वहीत १५ दिसलं की मला कळतं, काल घरी कुणीतरी प्रेमाने शिकवायला बसलं होतं. (३५ दिसलं तर दुखणं वेगळं. तिथे मुलाने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, वरचा कुठला नि खालचा कुठला हे न बघता.) हे असंच्या असं, आकड्यांसकट, पत्रात लिहा. पालकांना चूक ओळखता आली की ते मुलावर ओरडत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे.

पाढ्यांच्या आठवड्यात तर पत्राचा खराखुरा उपयोग होतो. ‘पाढे पाठ करून घ्या’ या वाक्याने घरात फक्त रडारड होते. त्याऐवजी मी हिशोब मांडून देते: दहापर्यंतचे पाढे म्हणजे १०० गुणाकार. १, २, ५ आणि १० चे बहुतेकांना येतातच. उरले ३, ४, ६, ७, ८, ९. त्यांचे आपसांतले गुणाकार ३६, पण सात आठे छप्पन्न आणि आठ साती छप्पन्न ही एकच जोडी, म्हणून खरे पाठ करायचे उरतात २१. नऊचा पाढा बोटांवर जमत असेल तर १५ च. त्या २१ ची यादी पत्राखाली जोडते. येईल त्यावर मुलाने स्वतः काट मारायची. रोज पाच मिनिटं पुरतात, रविवारी तासभर बसवू नका, हेही लिहिते.

वाचनाबद्दल पालक या वयात निर्धास्त होतात, कारण मूल घडाघडा वाचू लागलेलं असतं. वाचनाच्या टप्प्यांवर काम केलेल्या जीन चॉल या अमेरिकी अभ्यासिकेने १९८३ साली मांडलं होतं की साधारण नवव्या वर्षाच्या आसपास मूल ‘वाचायला शिकणं’ सोडून ‘वाचून शिकणं’ सुरू करतं. तिसरी नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. घडाघडा वाचणाऱ्या मुलालाही “ती मुलगी खोटं का बोलली असेल? गोष्टीत तर कुठे लिहिलेलं नाही” असं विचारलं की ते पानावर बोट फिरवत बसतं. असा एक प्रश्न पत्रात दिला की पुरे. धड्याचं नाव नसलं तरी चालेल.

घड्याळाचा आठवडा आला की एवढंच लिहा: पावणेपाच म्हणजे पाचाच्या आधी, हे मुलांना विचित्र वाटतं, तेव्हा येता-जाता विचारत राहा.

बातम्यांना दोन-तीन ओळी बस्स. पेरलेल्या मुगाला कोंब आले, कुणाच्या तरी दप्तरात गोगलगाय निघाली, पुढच्या बुधवारी रंगपेटी हवी. गोगलगायीची ओळ वगळू नका, पुष्कळ घरांत पत्र तिच्यामुळेच उघडलं जातं.

नावं मात्र लिहू नका. मी एकदा ‘सर्व पाढे पूर्ण केलेले विद्यार्थी’ म्हणून पाच नावं छापली होती. पाच घरांत आनंद झाला. एका मुलीने मात्र पत्र घरी पोहोचूच दिलं नाही. महिन्याभराने ते तिच्या कंपासपेटीच्या तळाशी घडीच्या घड्या करून ठेवलेलं सापडलं. तेव्हापासून कौतुकही वर्गाचं आणि चुकाही वर्गाच्या. एकेका मुलाचं जे असेल ते त्या त्या पालकांशी वेगळं बोलते. फोटोही पालकांची परवानगी असेल तरच, आणि फोटोखाली नाव नाही.

किती लिहावं? दीडशे-दोनशे शब्द, एका नजरेत मावेल इतकं. दर वेळी त्याच वारी पाठवा. मी शुक्रवारऐवजी गुरुवारी पाठवते, म्हणजे मुलाला प्रश्न विचारून झाला आणि काही अडलं तर दुसऱ्या दिवशी मी वर्गात असते. काही पालकांना वाचणं जड जातं, काहींना वेळ नसतो. त्यांच्यासाठी पत्र सोप्या, छोट्या वाक्यांत लिहून मुलांकडूनच वर्गात एकदा मोठ्याने वाचून घेते. घरी तेच वाचून दाखवतात. शेवटची ओळ आळीपाळीने एकेका मुलाला सांगू देते आणि त्याच्याच शब्दांत उतरवते. मागच्या आठवड्याची होती: “आम्ही दशक फोडला पण आवाज आला नाही.”