पंचनाम्याआधी एकही पत्रा काढू देऊ नका

आपण लिहिले आहे की मिरज तालुक्यातील एका गावात गायरानाच्या कडेला राहणाऱ्या चार मजूर कुटुंबांना जागा रिकामी करण्याची नोटीस आली आहे, आपण त्यांच्यासाठी घरकुलाची खटपट करीत आहात, आणि त्यांपैकी दोघांनी पत्रे तरी वाचावेत म्हणून घर स्वतःच उतरवायला घेतले आहे. हे शेवटचे वाचून मला स्वस्थ बसवेना. आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक यांविषयी मी लिहीत नाही. ते आपण जमवलेच असेल. त्या दोघांना मात्र आजच थांबवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमचे घर नदीकाठच्या गावात, सरकारी जागेवर, २००१ साली बांधलेले. पाणी ओसरले तेव्हा एक भिंत कलली होती आणि पत्रे चोरीला जातात अशी गावभर बोलवा होती, म्हणून वडिलांनी आणि मी दोन दिवसांत छप्पर उतरवले व पत्रे मामांच्या गोठ्यात नेऊन ठेवले. पंचनाम्याचे पथक त्यानंतर आले. त्यांना दिसला तो उघडा जोता. आई चिखलात भांडी शोधत होती, तिचा जबाब घेण्यात आला आणि त्यात ‘सध्या या जागेत कोणीही राहत नाही’ असे वाक्य लिहिले गेले. त्या दिवसापुरते ते खरेच होते. तिने सही केली आणि आमचे अठरा वर्षांचे वास्तव्य कागदावरून पुसले गेले.

त्या वेळच्या मदतीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या किंवा कच्च्या घराला ९५,१०० रुपये आणि झोपडीला ४,१०० रुपये धरलेले होते. आमची गणना दोन्हींत झाली नाही. त्याहून मोठे नुकसान निराळेच झाले. सरकारी जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण २०१८ मध्ये आले होते. त्याचा सारा पाया जुन्या वास्तव्याच्या पुराव्यावर होता, आणि आम्ही तो पुरावा आपल्याच हातांनी गोठ्यात रचून ठेवला होता. पुढे चौदा महिने एका कार्यालयाने (नाव लिहीत नाही) आम्हाला ‘घरच नव्हते तर बेघर कसे?’ एवढा एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रत्येक वेळी नव्या टेबलावर विचारला. लेखी उत्तर मागितले की साहेब बैठकीला गेलेले असत. माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही फार उशिरा केला. त्यात उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, हे आम्हाला आधी कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

आम्हाला अखेर उपयोगी पडल्या त्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील माझ्या प्रवेशाची नोंद, जुनी मतदार यादी आणि अंगणवाडीतील बहिणीच्या लसीकरणाची नोंद. घरपट्टीची पावती असेल तर सोन्याहून पिवळे, पण पावतीनेच सारे होते असे मानू नका. घरे उभी असतानाच चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि चूल, वीजमीटर, मुलांची दप्तरे त्यांत येऊ द्या. जबाब लिहिला जात असताना आपण तेथे हजर राहा, तो मोठ्याने वाचून घ्या, आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द दिसला तर सही थांबवा.

मी वकील नाही. नोटिशीचे उत्तर जाणकाराला दाखवूनच द्या. नोटीस जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली आहे की ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली, हे आधी पाहा, कारण उत्तर कोणत्या दारी द्यायचे ते त्यावर ठरते. गायरानाचे प्रकरण इतर सरकारी जागेपेक्षा अवघड असते, हेही त्या कुटुंबांपासून लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह प्रकरणात २०११ मध्ये अशी अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. मात्र भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने जागा दिली असल्यास अपवाद मोकळा ठेवला. त्यामुळे केवळ ‘घर पाडू नका’ या मागणीवर सगळा जोर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पर्यायी जागा दिल्याशिवाय हलवू नका’ ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात यायला हवी.

पंतप्रधान आवास योजनेचे १ लाख २० हजार रुपये आणि रोजगार हमीतील नव्वद दिवसांची मजुरी मिळते ती बांधकामासाठी. जागा नसेल तर मंजुरीचा कागद घडी घालून ठेवण्यापलीकडे उपयोगाचा नाही. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे, तीत पूर्वी ५० हजारांपर्यंत साहाय्य मिळे, नंतर ते १ लाखापर्यंत वाढवण्यात आले. मिरजेच्या आसपास तेवढ्यात अर्धा गुंठाही मिळत नाही, हे लिहिताना मला आजही राग येतो. तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचा फार लहान तुकडा विकण्यास मनाई करणाऱ्या कायद्याचे, कारण सांगून कोणी परत पाठवले, तर घरकुलाच्या जागेसाठी त्यात सवलत ठेवलेली आहे, हे शांतपणे सांगा आणि नकार लेखी मागा.

जिल्हा लोकशाही दिन, म्हणजे जिल्हाधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणून चारही कुटुंबांचे अर्ज वेगवेगळे आणि पोचसह द्या. एकत्र निवेदन फायलीत एकदाच हरवते आणि त्यासोबत चौघेही हरवतात. नोटिशीवरची तारीख आणि तीवर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे, एवढे कळवा. उत्तराचा मसुदा कोणाला दाखवावा, ते मग सुचवता येईल.