आधी ओळख, मग गाडी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. उत्तर तेवढ्यात मावणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय. आधी एक दटावणी. मुलाचं नाव, गाव, टोला म्हणजे वस्ती, असं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही. मलासुद्धा नाही. हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात आणि तुम्ही पहिल्याच महिन्यात विसरता.

आता मुद्द्याचं. जरीच्या कारखान्यातून सोडवलेला अकरा वर्षांचा मुलगा. बालकल्याण समितीची ऑर्डर झालीय, बिहारमधल्या मधुबनीच्या समितीकडे सोपवायचंय, गुरुवारी पोलीस मिळालेत, पवन एक्स्प्रेसची तिकिटं हातात आहेत. आणि पोरगं जेवत नाही, ‘नहीं जाना’ एवढंच म्हणतं. तुमच्या बालगृहाचे अधीक्षक म्हणतात, सगळीच असं करतात, गाडी सुटली की गप्प बसतात. तू विचारतेस, मी उगाच खोडा घालतेय का?

तू त्याला ‘घरी जायचंय का’ विचारलंस, तर तो हो म्हणाला. ‘आईशी बोलायचंय का’ विचारलंस, तर रडला. मग ‘नहीं जाना’ कशाला, हे कोडं तुला सुटेना. कोणाबरोबर जायचं नाही, हे विचारलंस का? नसणार, कारण कोण येणार ते तुलाच माहीत नाही. गुरुवारी सकाळी ज्या हवालदाराची ड्यूटी लागेल तो येईल, रजिस्टरवर सही करेल आणि पोराला घेऊन कुर्ला टर्मिनसला जाईल. पुढे दीड दिवसाहून जास्त प्रवास. भुसावळ, इटारसी, जबलपूर, आणि मधली रात्र.

आधी ओळख, मग गाडी. नोकरीभर मी हे एकच बोलत आले. लोक कंटाळले, मी नाही कंटाळले.

जरा त्या पोराच्या बाजूनं विचार कर. त्याला गावाहून मुंबईला कोणी आणलं? परक्यानं नाही आणलं. ठेकेदार गावचाच असतो, निदान शेजारच्या टोल्यावरचा. त्याला मामा म्हणतात, चाचा म्हणतात. त्यानं आईच्या हातात थोडे पैसे ठेवले, पोराला नवा शर्ट घेतला, गाडीत बिस्किटं दिली. त्याच्याशी तो मैथिलीत बोलला. मग एक दिवस खाकीतली माणसं आली, कारखान्याला कुलूप लागलं आणि पोराला जीपमधून अशा इमारतीत आणलं जिथं कोणालाच त्याची भाषा येत नाही. आता तुम्ही त्याला परत पाठवताय, तेही पुन्हा खाकीतल्या अनोळखी माणसाबरोबर. आणणारा ओळखीचा, नेणारा अनोळखी. त्याच्या हिशोबात चांगलं माणूस कोणतं ठरलं? आणि पुढच्या वर्षी तोच मामा दारात आला तर पोरगं कोणाचं ऐकेल?

हे मी अधीक्षकांच्या मीटिंगमध्ये बोलले की खाली मान घालून सगळे चहा पीत बसायचे.

हवालदाराला मी वाईट म्हणत नाही, हे नीट समजून घे. एका प्रवासात मी स्वतः पाहिलंय. रात्री साइड लोअरवर पोरगं झोपलेलं, त्याच्या मनगटाला रुमालाची गाठ आणि रुमालाचं दुसरं टोक हवालदाराच्या बोटांत गुंडाळलेलं. हवालदार ताठ बसलेला, डोळे तांबारलेले. मी भडकले. तो म्हणाला, “मॅडम, इटारसीला हा उतरून गेला तर माझी नोकरी जाईल. मला काय माहीत हा पळणारा आहे की नाही.” खरंच होतं ते. त्याला काय माहीत? गाडी सुटायच्या अर्धा तास आधी नाव कळलेलं पोरगं त्याच्या गळ्यात घातलं होतं. तोच माणूस आदल्या आठवड्यात एकदा साध्या कपड्यांत बालगृहात येऊन कॅरमचा एक डाव खेळला असता तर रुमाल खिशातच राहिला असता. मी गाठ सोडली आणि सकाळपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीनं जागलो. तेव्हापासून मी हट्टी झाले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

तू म्हणशील, कायद्यात हे कुठंय? बाल न्याय कायदा, २०१५, कलम ९५ काढून वाच. मुलाला त्याच्या जिल्ह्यात पोचवायचं तर ऑर्डर मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विशेष बाल पोलीस पथकानं न्यायचं. मुलगी असेल तर महिला पोलीस हवी. पथक नसेल तर संस्थेनं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षानं न्यायचं. प्रवासभत्ता आगाऊ द्यायचा. (‘आगाऊ’ हा शब्द वाचून हसू नकोस, तो खरंच छापलाय.) पोलिसाची नि मुलाची आधी गाठ घालून द्या, असं त्या कलमात नाही. पण कलम ३ मध्ये सहभागाचं तत्त्व आहे, आपल्याबद्दलच्या निर्णयात मुलाचं म्हणणं ऐकलं जाण्याचा त्याला हक्क आहे. टिपणी लिहिताना हे कलम वर घाल. ‘मुलगा घाबरला आहे’ असं लिहिलंस तर कोणी वाचणार नाही. ‘कलम ३ नुसार मुलाचं म्हणणं नोंदवून घेतलं, त्यात त्यानं सोबत येणाऱ्या व्यक्तीबद्दल हरकत घेतली’ असं लिहिलंस तर सही करण्याआधी समितीला दोनदा विचार करावा लागेल.

ओळख म्हणजे विश्वास, असं मात्र समजू नकोस. ठेकेदारही ओळखीचाच असतो, हे मी वरच सांगितलं. म्हणूनच आपण विचारायचं आणि तपासायचंही. दोन्ही. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला ५९ मुलं उतरवली होती, आठवतं? बिहारमधली, अररियाकडची, सांगलीच्या मदरशात शिकायला निघालेली. सोबतच्या पाच शिक्षकांवर तस्करीचा गुन्हा लागला, ते काही आठवडे तुरुंगात राहिले. मुलं बारा दिवस नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत. मार्च २०२४ मध्ये गुन्हे बंद झाले, तस्करी नव्हतीच. त्या मुलांना सोबतची माणसं माहीत होती, उतरवणारी माहीत नव्हती. उतरवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण बारा दिवसांत त्या पोरांनी सरकार नावाच्या माणसाबद्दल काय मत बनवलं असेल, ते तू सांग.

आता तुझ्या मनात येईल ते मीच बोलते. थांबवलं की मूल संस्थेत जास्त राहतं, आणि संस्था म्हणजे घर नव्हे. माझ्यावरही हेच बालंट आलं. ‘विलंबास जबाबदार’ असा शेरा माझ्या फायलीत आहे, त्यापायी बढतीही गेली. एका पोराची दिवाळी माझ्या हट्टापायी बालगृहात गेली. फराळाच्या ताटातली करंजी त्यानं बहिणीसाठी कागदात गुंडाळून गादीखाली ठेवली, मुंग्या लागल्या. ते मला अजून सलतं. पण तो गेला तेव्हा ज्या शिपायाबरोबर गेला त्याच्या खांद्यावर बॅग टाकून गेला, मागं वळून न बघता. कोणी काही म्हणो, मी पुन्हा तेच करेन. आणि विलंब माझ्यामुळे नव्हता! ऑर्डर झाली त्याच दिवशी मी ‘कोण येणार त्याचं नाव कळवा’ म्हणून पत्र दिलं होतं. नाव कळवायला ज्यांनी वेळ लावला त्यांच्या फायलीत काही शेरा नाही. असो.

म्हणून मुदतीचं भांडण करत बसू नकोस. पंधरा दिवस ओळखीला पुरतात, पण ते पहिल्या दिवसापासून वापरले तर. शेवटच्या दिवशी जागं व्हायचं आणि ‘आता वेळ नाही’ म्हणायचं, ही आपल्या ऑफिसांची जुनी रीत. तू त्यात पडू नकोस.

उद्या काय करायचं ते ऐक. सकाळी पोलीस ठाण्यात जा, फोन नको, स्वतः जा. गुरुवारी कोण येणार ते नक्की कर आणि त्याला उद्याच संध्याकाळी बालगृहात बोलव, युनिफॉर्मशिवाय. तू मधे बोलू नकोस, दोघांना बसू दे. पोरानं विचारलं ‘बंदूक है?’ तर हवालदारालाच उत्तर देऊ दे. मग दोघांच्या समोर घरी फोन लाव, व्हिडिओ कॉल असेल तर उत्तम, म्हणजे आईही हवालदाराचं तोंड बघेल. आईनं विचारलेल्या प्रश्नावरून तुला कळेल की घरी परिस्थिती काय आहे. तुमच्या काळजीवाहकांपैकी मैथिली कळणारं कोणी असेल तर त्याला जवळ बसव, नाहीतर नाक्यावरच्या भाजीवाल्याला विचार. हसू नकोस, मी विचारलेलं आहे.

उद्या कोणीच येत नसेल तर समितीकडे टिपणी दे आणि ‘संस्थेचा माणूस सोबत पाठवतो’ म्हण. पोरगं ज्या काळजीवाहकाच्या मागेमागे फिरतं तोच. तुझं जाणं शक्य असेल तर तूच जा. तिकिटं रद्द होतील, थोडे पैसे कापले जातील, अधीक्षक ओरडतील. ओरडू देत. फक्त एक बघ, तिकडे पोचायचा दिवस छठच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या सणाच्या, आसपास येऊ देऊ नकोस. गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि तिकडच्या समितीपुढे मुलाला उभं करायला कोण भेटेल, हा वेगळा प्रश्न. सोपवल्याची पोच शिक्क्यासकट घ्यायची, हे तुला सांगायला नको.

काय झालं ते कळव. फोन दुपारी चारनंतर कर. त्याआधी मी झोपलेली असते, आणि झोपमोड झाली की मी तुझ्या अधीक्षकांसारखीच बोलते.

तुझी,
ताई