वेबपॅक राहू दे, वीट घे

तुझा प्रश्न मला असा समजला: जुना व्हिडिओ बघून क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपने (रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट उभा करून देणारं जुनं साधन) प्रोजेक्ट सुरू केला, टर्मिनलवर वॉर्निंगची रांग लागली, आणि गिटहब पेजेसवर (गिटहबची साइट होस्ट करायची सेवा) टाकल्यावर पान कोरं. आता त्याच्या आत कोड बांधणारं वेबपॅक मुळापासून शिकू का?

नको. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप नव्या प्रोजेक्टसाठी वापरू नका, असं रिअ‍ॅक्टच्याच टीमने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगून टाकलंय. व्हिडिओ मात्र अजून फिरतायत. सरळ वीट (Vite) हे कोड बांधायचं दुसरं साधन घे. (उच्चार वीटच, फ्रेंचमध्ये अर्थ ‘झटपट’. वेबपॅकच्या कॉन्फिगचा यायचा तो वीट वेगळा.) आधी नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, वीट त्यावरच चालतं) आवृत्ती बघ. वीट ७ ला २०.१९ किंवा २२.१२ तरी हवी. लॅबमधल्या मशीनवर १८ असेल तर तिथेच अडशील.

वीटचा डेव्ह सर्व्हर (काम करताना तुझ्याच मशीनवर चालतो तो) तुझा सगळा कोड आधी बांधत बसत नाही, ब्राउझर मागेल ती फाइल तेवढी देतो. म्हणून तो पटकन उठतो. बिल्ड, म्हणजे वर टाकायच्या फाइली तयार करताना मात्र सगळं बांधून डिस्ट फोल्डरमध्ये टाकतो. त्यामुळे डेव्हवर चाललं म्हणजे बिल्डही चालेल, असं धरून बसू नकोस. बिल्ड झालं की ‘प्रिव्ह्यू’ चालवून बघ, मगच वर टाक.

तुझं कोरं पान बहुतेक पत्त्यामुळे. गिटहब पेजेसवर प्रोजेक्ट रेपोच्या (गिटहबवरच्या तुझ्या कोडच्या फोल्डरच्या) नावाखाली राहतो आणि बिल्ड फाइली थेट मुळाशी मागतं, म्हणून ४०४, फाइल सापडत नाही. वीट कॉन्फिगमध्ये ‘बेस’ला रेपोचं नाव दे, दोन्ही बाजूंना स्लॅश लावून. मागचा स्लॅश विसरू नकोस.

आणि फाइलींची नावं जप. महापेला पहिल्या नोकरीत मी फाइलचं नाव लहान एचने ‘हेडर’ ठेवलं आणि इम्पोर्टमध्ये मोठा एच लिहिला. विंडोजला दोन्ही सारखेच, सर्व्हर लिनक्सचा, तिथे बिल्ड आपटलं. मी विंडोजवर नाव बदललं, तर गिटला बदल दिसेचना! शेवटी ‘गिट एमव्ही’ या नाव बदलायच्या कमांडने सुटलं, तोवर घणसोलीहून ठाण्याच्या किती लोकल गेल्या ते मोजलं नाही.

नोड मॉड्यूल्स (डाउनलोड झालेल्या पॅकेजेसचं फोल्डर) गिटमध्ये टाकू नकोस, लॉक फाइल (त्या पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) मात्र टाकच.

बेस बदलूनही पान कोरंच राहिलं तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघड आणि लाल ओळीतला पूर्ण पत्ता इथे चिकटव.