सोलर बसवावे, पण पॉवर फॅक्टर सुधारल्यावर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील आपल्या जॉबवर्क शेडचा मंजूर भार २५ किलोवॅट आहे, काम पूर्वीइतकेच असूनही बिल वाढत चालले आहे आणि म्हणून छतावर १० किलोवॅटचे सोलर बसवावे का, असे आपण विचारले आहे. सातपूरला माझीही जवळपास तेवढीच शेड आहे. तीन लेथ, एक मिलिंग, दोन वेल्डिंग मशीन आणि १० एचपीचा कॉम्प्रेसर. माझे स्पष्ट मत असे आहे की सोलर जरूर बसवावे, परंतु ते सर्वांत शेवटी.

याचे कारण बिलातच आहे. लघुदाब औद्योगिक ग्राहकाचा भार २० किलोवॅटच्या वर असेल, तर एप्रिल २०२० पासून महावितरण आपल्याला केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष कामी आलेली वीज) नव्हे, तर केव्हीएएच (लाइनमधून ओढलेली एकूण वीज) युनिटांवर आकारणी करते. केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच म्हणजे पॉवर फॅक्टर, तो १ च्या जितका जवळ तितका चांगला. पूर्वी पॉवर फॅक्टरचा दंड किंवा सवलत बिलावर वेगळ्या ओळीत दिसत असे, त्यामुळे मालकाचे तिकडे लक्ष जाई. आता तो फरक युनिटांच्या आकड्यातच मिसळलेला असतो. शेडमध्ये प्रत्यक्ष १,००० युनिटांचे काम झाले आणि पॉवर फॅक्टर ०.८० असेल, तर बिल १,२५० युनिटांचे येते, तोच ०.९८ असेल तर १,०२० चे. वेल्डिंगचे जुने ट्रान्सफॉर्मर आणि अर्ध्या भारावर चालणाऱ्या लेथच्या मोटरी असतील, तर ०.८० हा आकडा मुळीच अपवादात्मक नाही. गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवून केडब्ल्यूएचला केव्हीएएचने भागावे, म्हणजे आपली स्थिती तत्काळ समजेल.

आता सोलरचा संबंध पाहा. समजा दुपारी आपला भार १५ किलोवॅट आणि ११ केव्हीएआर (मोटरींच्या चुंबकत्वासाठी लागणारा, प्रत्यक्ष काम न करणारा भाग) आहे, म्हणजे दोन्ही मिळून मीटरवर सुमारे १८.६ केव्हीए (वर्गांची बेरीज करून वर्गमूळ). सोलरने ८ किलोवॅट दिले, तर ग्रिडकडून ७ किलोवॅट घ्यावे लागतील, पण सोलरचा इन्व्हर्टर केवळ किलोवॅट देत असल्यास ११ केव्हीएआर तसेच राहतील, आणि मीटरवर १३ केव्हीए दिसतील. आठ किलोवॅटचे पैसे मोजून साडेपाच केव्हीए वाचले, शिवाय पॉवर फॅक्टर ०.५४ वर घसरला. सोलर बसवूनही बिल अपेक्षेइतके उतरले नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. केव्हीएआर आधी कपॅसिटरने भरून काढले असते, तर आठच्या आठ वाचले असते.

मात्र कपॅसिटर बसवताना मी केलेली चूक आपण करू नये. एका विक्रेत्याच्या सल्ल्यावरून मी १० केव्हीएआरचा कपॅसिटर मेन स्विचनंतर कायमचा जोडून घेतला. पुढच्या महिन्यात बिल उतरण्याऐवजी चढले. शंका आल्यामुळे शनिवारी सायंकाळी ७ वाजता शेड बंद करताना मीटरचे रीडिंग वहीत लिहिले आणि सोमवारी सकाळी ८ वाजता, एकही मशीन सुरू करण्यापूर्वी, पुन्हा पाहिले. बाहेरचा एक दिवा सोडला तर काहीच चालू नसताना केव्हीएएचमध्ये पावणेचारशे युनिटांची भर पडली होती. रिकाम्या शेडमध्ये एकटा कपॅसिटर लाइनवर राहिला की पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे उलट्या बाजूला बिघडतो, आणि तेही केव्हीएएचमध्ये मोजले जाते. म्हणून भाराप्रमाणे कपॅसिटर आपोआप आत-बाहेर करणारे एपीएफसी पॅनेलच घ्यावे, त्यात लहान स्टेप (टप्प्याटप्प्याने जोडले जाणारे कपॅसिटर) असाव्यात, आणि वर्षातून दोनदा क्लॅम्प मीटरने प्रत्येक कपॅसिटरचा करंट तपासावा, कारण कपॅसिटर बाहेरून ठीक दिसत असतानाच आतून निकामी होत जातात.

दुसरी मोठी गळती हवेची. जेवणाच्या सुट्टीत सर्व मशिने बंद झाल्यावर शेडमध्ये दोन मिनिटे शांत उभे राहावे. एअर गनच्या क्विक कपलरपाशी, एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) वाटीखाली आणि पीयू पाइपच्या जोडांपाशी बारीक फुसफुस ऐकू येते. मग हवा कोठेही वापरली जात नसताना कॉम्प्रेसर किती वेळ चालतो आणि किती वेळ थांबतो, हे घड्याळ लावून मोजावे. माझा दीड मिनिट चालत होता आणि साडेतीन मिनिटे थांबत होता, म्हणजे ३० टक्के हवा नुसती गळत होती. साबणाचे पाणी ब्रशने लावून एकेक जोड तपासला, जुने कपलर बदलले, आणि आठवडाभरात गळती ८ टक्क्यांवर आली. खर्च म्हणाल तर दोन हजारांच्या आत. प्रेशरही ८ बारवर होते, ते साडेसहावर आणले. प्रत्येक बार कमी केल्याने कॉम्प्रेसरची वीज ६ ते ७ टक्के वाचते आणि आपल्या कामाला ६ बार पुरतात.

पंख्यांबाबत फार लिहीत नाही. जुना ७५ वॅटचा पंखा बिघडला की कमी वीज खाणारा बीएलडीसी घ्यावा, चालू पंखे मोडीत काढू नयेत. दोन-तीनदा रिवाइंड झालेली मोटर मात्र पुन्हा रिवाइंड न करता आयई३ या अधिक कार्यक्षम दर्जाची नवी घेणे परवडते. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरल्यास मिळणारी १ टक्का सूटही सोडू नये.

एवढे झाल्यावर सोलरचा आकार ठरवावा. नाशिकच्या उन्हात १ किलोवॅटपासून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटे धरावीत, आणि पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, ते शेडच्या हिशेबात धरू नये. येत्या शनिवार-सोमवारचे रीडिंग आणि बारा महिन्यांचे केडब्ल्यूएच-केव्हीएएच आकडे आपण येथे लिहावेत. ते पाहून पॅनेल किती केव्हीएआरचे आणि किती स्टेपचे घ्यावे, हे मी सांगू शकेन.