वाचकांचे प्रश्न : चर्चिल का हरले?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला तारणारे विन्स्टन चर्चिल युद्ध संपताच निवडणूक हरले, हे शाळेत वाचले तेव्हापासून मला खटकत आले आहे. ८ मे १९४५ रोजी ज्या लोकांनी लंडनच्या रस्त्यांवर त्यांचा जयजयकार केला, त्याच लोकांनी पुढच्या दोन-अडीच महिन्यांत त्यांना पायउतार केले. हा कृतघ्नपणा नव्हे काय? कर्तबगार नेत्याची हीच कदर होणार असेल, तर कुणी नेतृत्व करावे तरी कशासाठी?

उत्तर : आपला हा प्रश्न खुद्द चर्चिल यांच्यासमोरही निकालाच्या दिवशी, म्हणजे २६ जुलै १९४५ रोजी, आला होता. त्यांचे डॉक्टर लॉर्ड मोरन यांनी जनतेच्या कृतघ्नतेचा विषय काढला, तेव्हा आपण याला कृतघ्नता म्हणणार नाही, लोकांनी फार हाल सोसले आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पराभव जिव्हारी लागलेला असताना त्यांनी हे म्हटले, म्हणून मला ते मोलाचे वाटते. मतदारांनी काय केले, हे त्यांच्या टीकाकारांपेक्षा चर्चिल यांनाच अधिक कळले असावे.

मतदाराच्या जागी उभे राहून पाहिले तर हा निकाल तितकासा अनाकलनीय राहत नाही. ब्रिटनमध्ये त्यापूर्वीची सार्वत्रिक निवडणूक नोव्हेंबर १९३५ मध्ये झाली होती आणि युद्धामुळे मधली जवळजवळ दहा वर्षे मतदानच झाले नव्हते. मतदानाचे वय तेव्हा २१ होते. म्हणजे तिशीच्या आतल्या बहुतेक स्त्री-पुरुषांनी सार्वत्रिक निवडणुकीत आयुष्यात प्रथमच मत दिले. या पिढीने बालपणी मंदी आणि बेकारी पाहिली होती, ऐन तारुण्यात बाँबहल्ले आणि रेशनिंग सोसले होते. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना ‘वीरांना शोभतील अशी घरे’ देण्याचे वचन कसे हवेत विरले, हे त्यांनी आईवडिलांच्या तोंडून ऐकले होते. हिटलरशी समेट करू पाहणारे चेंबरलेन यांचे सरकार आणि मंदीच्या काळातील सरकारे यांची जबाबदारी लोकांच्या लेखी हुजूर पक्षावर होती. चर्चिल यांनी त्या समेटाला कडाडून विरोध केला होता, हे लोक विसरले नव्हते. परंतु १९४५ मध्ये ते मते मागत होते ती त्याच पक्षासाठी.

माणूस आणि पक्ष यांतला हा फरक मतदारांच्या मनात किती स्पष्ट होता, ते एका आकड्यावरून दिसते. मे १९४५ मध्ये गॅलप संस्थेच्या पाहणीत ८३ टक्के लोकांनी पंतप्रधान म्हणून चर्चिल यांच्या कामगिरीला पसंती दिली होती. त्याच संस्थेच्या पाहण्या प्रतिस्पर्धी मजूर पक्षाची आघाडीही दाखवत होत्या, पण मतचाचण्यांवर विश्वास ठेवण्याची सवय तेव्हा राजकारण्यांनाही नव्हती आणि वृत्तपत्रांनाही नव्हती. निकाल धक्कादायक वाटला याचे एक कारण एवढेच, की समोर असलेले उत्तर कुणी वाचले नाही.

प्रचाराच्या भिंतीपत्रकांकडे पाहा. हुजूर पक्षाच्या पत्रकावर चर्चिल यांचा चेहरा आणि हाती घेतलेले काम पुरे करायला त्यांना मदत करा, असे आवाहन होते. मजूर पक्षाचे आवाहन होते : आता शांतता जिंका. जाहीरनाम्यांच्या शीर्षकांतही हाच फरक होता. एका पक्षाचा जाहीरनामा ‘श्री. चर्चिल यांचे मतदारांना धोरणविषयक निवेदन’ म्हणून निघाला, दुसऱ्याने लोकांना भविष्याला सामोरे जाण्याची हाक दिली. एका बाजूने नेता पुढे केला होता आणि दुसऱ्या बाजूने काम. घर बाँबने पडलेले, मुलगा किंवा नवरा अजून सैन्यात, तो परतल्यावर राहायचे कुठे आणि त्याला नोकरी मिळेल का, ही ज्या घरातली चिंता, तिथे यांपैकी कोणते आवाहन पोचेल, हे सांगायला राजकीय पंडित लागत नाही. डिसेंबर १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेला बेव्हरिज अहवाल लोकांनी रांगा लावून विकत घेतला होता. आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांत सरकारने आधार द्यावा, असे सांगणारा तो एक शासकीय अहवाल; तो असा खपतो, याचा अर्थ युद्ध चालू असतानाच लोकांचे मन युद्धानंतरच्या आयुष्याकडे लागले होते. चर्चिल यांनी मात्र या विषयात आधी युद्ध, मग बाकी सारे, असा सूर धरला. १९४० मध्ये त्यांचा हाच एककल्ली निर्धार देशाला वाचवून गेला होता. पाच वर्षांनी तोच गुण त्यांच्या आड आला, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत दुःखद आणि सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

त्यात ४ जूनच्या रेडिओ भाषणाची भर पडली. समाजवादी सरकार आले तर त्याला कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या गेस्टापोचा, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांसारख्या दलाचा, आधार घ्यावा लागेल, असे चर्चिल त्यात म्हणाले. ज्यांच्याविषयी हे बोलले गेले ते मजूर पक्षाचे नेते पाच वर्षे त्यांच्याच युद्धकालीन सर्वपक्षीय मंत्रिमंडळात होते. पक्षाचे प्रमुख क्लेमेंट ॲटली उपपंतप्रधान होते, अर्नेस्ट बेव्हिन कामगार खाते सांभाळत होते, हर्बर्ट मॉरिसन गृहमंत्री होते. बाँबहल्ल्यांच्या दिवसांत ज्यांच्या हुकमाने आपले दैनंदिन जीवन चालले, त्या माणसांना गेस्टापोच्या पंक्तीला बसवलेले लोकांना रुचले नाही. दुसऱ्या दिवशी ॲटली यांनी रेडिओवरूनच उत्तर दिले. एकजूट झालेल्या राष्ट्राचा महान युद्धनेता आणि हुजूर पक्षाचा नेता यांत केवढे अंतर आहे, हे पंतप्रधानांना मतदारांना दाखवायचे होते. कृतज्ञतेपोटी लोक आपल्यामागे पुढेही येतील अशी त्यांना भीती वाटली असावी, आणि त्यांनी तो भ्रम पुरता दूर केला याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. आपण विचारलेल्या कृतज्ञतेच्या प्रश्नाला प्रचार सुरू असतानाच दिलेले हे उत्तर आहे, आणि त्याहून नेमके उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

३ जुलै रोजी लंडनमधील वॉल्थमस्टो येथील स्टेडियमवरच्या सभेत चर्चिल यांची हुर्यो उडवली गेली. मतदान ५ जुलैला झाले. देशोदेशी विखुरलेल्या सैनिकांची मते गोळा व्हायची असल्याने मोजणी तीन आठवडे लांबली. वुडफर्ड या त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात मजूर आणि उदारमतवादी पक्षांनी आदर म्हणून उमेदवारच दिला नव्हता. तरीही कुणाला ठाऊक नसलेल्या एका अपक्ष शेतकऱ्याला तिथे दहा हजारांहून अधिक मते पडली. देशभरात ६४० जागांपैकी मजूर पक्षाला ३९३ आणि हुजूर पक्ष व त्याच्या मित्रांना मिळून २१३ जागा मिळाल्या. पत्नी क्लेमेंटाइन यांनी हे कदाचित छुपे वरदान ठरेल, असे म्हणून धीर देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सध्या तरी ते फारच छुपे दिसते आहे, असे चर्चिल उत्तरले.

तेव्हा कृतघ्नपणा म्हणू नये, असे मला मनापासून वाटते. झालेल्या कामाबद्दल लोकांनी त्यांना प्रेम, आदर आणि इतिहासात जागा दिली. मत हे मात्र पुढच्या कामासाठी असते. नेत्याला ते बक्षीस म्हणून मिळू लागले, तर निवडणुकीला सत्काराचे रूप येईल आणि पडक्या घरात राहणाऱ्याचा प्रश्न कुणाच्याच खिजगणतीत राहणार नाही.

प्रश्न : मग लोकांनी क्लेमेंट ॲटली यांना खरोखर नेता म्हणून निवडले असे म्हणता येईल का? ते अबोल, साधे, वक्तृत्व नसलेले गृहस्थ होते, असेच सगळीकडे वाचायला मिळते.

उत्तर : मते मुख्यतः पक्षाला आणि कार्यक्रमाला पडली, हे मान्य करावे लागेल. ॲटली यांच्या चेहऱ्यावर निवडणूक लढवावी, असे त्यांच्या पक्षातही फारसे कुणाला वाटले नसते. निकाल लागल्याच्या दिवशीसुद्धा, राजाला भेटण्याआधी नव्या खासदारांकरवी नेत्याची निवड करून घ्यावी, असा मॉरिसन यांचा आग्रह होता. मॉरिसन फोनसाठी खोलीबाहेर गेले असताना बेव्हिन यांनी ॲटलींना तडक राजवाड्यावर जायला सांगितले. ॲटलींनी पॅडिंग्टन स्थानकाजवळच्या हॉटेलात कुटुंबीयांबरोबर चहा घेतला आणि पत्नी व्हायोलेट यांनी चालवलेल्या छोट्या घरच्या मोटारीतून ते बकिंगहॅम राजवाड्यावर गेले. इतक्या मोठ्या विजयानंतर सत्तेकडे असे जाणारा माणूस लोकांना दुबळा वाटणे स्वाभाविक होते.

परंतु नेतृत्व म्हणजे सभा जिंकणे, एवढीच व्याख्या केली तरच ते दुबळे ठरतात. लंडनच्या स्टेपनीतील गरीब वस्तीत त्यांनी समाजकार्य केले होते, ते तिथले महापौर झाले होते, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या आघाडीवर लढले होते आणि १९३५ पासून भांडखोर पक्ष सांभाळत आले होते. चर्चिल परदेशी गेले की युद्धमंत्रिमंडळाच्या बैठका तेच चालवत. त्यांच्या सरकारात बेव्हिन, मॉरिसन, क्रिप्स, डाल्टन, अन्युरिन बेव्हन (बेव्हिन यांच्याहून वेगळे) अशी एकाहून एक वरचढ आणि परस्परांशी न पटणारी माणसे होती. त्या प्रत्येकाला जागेवर ठेवून त्यांच्याकडून काम करवून घेणे, हे त्यांचे खरे कसब.

सप्टेंबर १९४७ मधला प्रसंग पाहा. देश आर्थिक संकटात होता आणि स्टॅफर्ड क्रिप्स थेट ॲटलींकडे गेले. ॲटलींनी बाजूला व्हावे आणि बेव्हिन यांना पंतप्रधान करावे, असे त्यांनी तोंडावर सांगितले. ॲटली चिडले नाहीत. त्यांनी तिथेच फोन उचलला आणि बेव्हिन यांना खाते बदलायचे आहे का, असे विचारले. बेव्हिन यांनी नकार दिला. मग ॲटलींनी क्रिप्स यांनाच आर्थिक बाबींचे नवे मंत्रिपद देऊ केले आणि बंड करायला आलेला माणूस जबाबदारी घेऊन बाहेर पडला. आवाज न चढवता केलेली ही गोष्ट मला अनेक गाजलेल्या भाषणांपेक्षा मोठी वाटते. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती बेव्हन यांच्या धडाडीने, पण त्या धडाडीला सरकारात जागा आणि पाठबळ ॲटलींनी दिले होते.

प्रश्न : १९५१ मध्ये चर्चिल परत आले. म्हणजे लोकांना आपली चूक कळली, असे म्हणावे का?

उत्तर : नाही. त्या निवडणुकीत मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा अधिक मते पडली होती. जागा मात्र हुजूर पक्षाला ३२१ आणि मजूर पक्षाला २९५ मिळाल्या. मतदारसंघनिहाय पद्धतीत असे घडते. १९४५ मध्येही मजूर पक्षाची मते सुमारे ४८ टक्केच होती, जागा मात्र ६१ टक्के. जागांवरून जनमताचा अंदाज बांधताना ही सावधगिरी हवीच. परत आलेल्या चर्चिल यांनी आरोग्य सेवा मोडली नाही, हेही लक्षात घ्यावे.

प्रश्न : हे सारे जुन्या काळाला ठीक आहे. टीव्ही आणि समाजमाध्यमांच्या काळात निवडणूक नेत्याच्या चेहऱ्यावरच होते. २०१७ मध्ये तेव्हाच्या हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचे काय चुकले?

उत्तर : त्यांनी निवडणूक स्वतःच्या चेहऱ्यावर नेली, आणि तिथेच त्या अडकल्या. १८ एप्रिल २०१७ रोजी मे यांनी मुदतपूर्व निवडणुकीची घोषणा केली, तेव्हा चाचण्यांत त्या खूप पुढे होत्या. ‘खंबीर आणि स्थिर’ नेतृत्व हा त्यांचा मंत्र होता आणि तो त्यांनी प्रत्येक सभेत इतका घोळवला की लोक त्याच कसोटीवर त्यांना तपासू लागले. मग वृद्धांच्या शुश्रूषेच्या खर्चाबाबतचा जाहीरनाम्यातला प्रस्ताव अंगाशी आला. २२ मे रोजी त्यांनी खर्चाला कमाल मर्यादा घालण्याचे जाहीर केले आणि त्याच दमात काहीही बदललेले नाही, असेही पत्रकारांना ठासून सांगितले. धोरण बदलणे लोक समजून घेतात. डोळ्यांदेखत बदललेले धोरण बदललेच नाही, हे म्हणणे पचत नाही. ३१ मे रोजी केंब्रिजमधील नेत्यांच्या टीव्ही चर्चेला त्या गेल्या नाहीत; त्यांच्या जागी गृहमंत्री ॲम्बर रड उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या वडिलांचे निधन होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते.

समोर मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन होते. वर्षभरापूर्वी त्यांच्याच पक्षाच्या १७२ खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला होता. परंतु कॉर्बिन लोकांत मिसळत होते आणि त्यांच्या जाहीरनाम्यात विद्यापीठाची फी रद्द करण्यासारख्या ठोस गोष्टी होत्या. ८ जूनच्या मतदानात हुजूर पक्षाने बहुमत गमावले. पक्षाला ३१७ जागा मिळाल्या आणि मजूर पक्षाला २६२. केन्सिंग्टनसारखा लंडनचा श्रीमंत मतदारसंघ मजूर पक्षाने २० मतांनी जिंकला. मे यांना उत्तर आयर्लंडमधील डीयूपी (डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी) या पक्षाच्या १० खासदारांचा आधार घ्यावा लागला.

एक गोष्ट इथे विसरू नये. मे यांच्या पक्षाची मतांची टक्केवारी या निवडणुकीत वाढून ४२ वर गेली होती आणि कॉर्बिन यांचा पक्ष हरलाच होता. अपेक्षेपेक्षा चांगली कामगिरी म्हणजे विजय, असे मजूर पक्षात अनेकांनी मानले आणि लोकांनी आपल्या नेत्याला पसंती दिली, असा अर्थ काढला. डिसेंबर २०१९ मध्ये, युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा प्रश्न रेंगाळून लोक थकले असताना, तेच कॉर्बिन पुन्हा लोकांसमोर गेले आणि पक्ष २०२ जागांवर आला, १९३५ नंतरच्या सर्वांत कमी. हुजूर पक्षाचे बोरिस जॉन्सन संघातून बाहेर पडण्याचे ते एकच काम पुरे करण्याचे वचन देऊन ३६५ जागा जिंकले. ते काम जानेवारी २०२० च्या अखेरीस झाले, आणि जुलै २०२२ मध्ये त्यांच्याच मंत्र्यांनी एकामागून एक राजीनामे देऊन त्यांना पद सोडायला लावले.