ओट्याचे १८ हजार आणि बाँडचे १५ लाख

प्रश्न: नाशिकमध्ये टू-बीएचके घेतलाय, चार महिन्यांत ताबा मिळेल. किचनचं कोटेशन ४ लाख ८० हजारांचं आलंय. त्यात फर्निचर २ लाख ७२ हजार, क्वार्ट्झचा ओटा २८ हजार, आणि हॉब (ओट्यात बसवायची शेगडी), चिमणी, ओव्हन, डिशवॉशर मिळून १ लाख ८० हजार. ग्रॅनाइट घेतला तर ओटा १० हजारांत होतो. काय घ्यावं? उपकरणं बारा महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर घ्यावीत का? रोखीनं दुकानदार ती १ लाख ६८ हजारांत देतोय. आम्ही दोघं पस्तिशीचे, एक मुलगी चौथीत. दोघांचा हातात येणारा पगार ९२ हजार, गृहकर्ज ३८ लाख, त्याचा हप्ता ३३ हजार, सध्याचं घरभाडं १५ हजार. घरखर्च, शाळा, गावी पाठवायचे असे ३० हजार जातात. तीन लाखांची एफडी होती. त्यातले दीड लाख बँकेतल्या मॅडमनी सुचवलेल्या प्लॅनमध्ये मिस्टरांच्या नावे टाकले, पाच वर्षांत दुप्पट होतील. बाँड मागच्या आठवड्यात आला, फोटो जोडलाय. उरलेले दीड लाख आणि सासूबाईंनी दिलेले दीड लाख किचनसाठी ठेवलेत.

उत्तर: मूळ पत्रात दोन पानं ओट्यावर होती. दगडाचे नमुने, रंग, हळदीचा डाग बसतो की नाही. प्लॅनवर जेमतेम दोन ओळी. मी आधी त्या दोन ओळी घेतो, कारण ओट्याला चार महिने आहेत आणि बाँडला फार तर तीन आठवडे.

फोटो मोठा करून पाहिला. ही एफडीची बहीण वगैरे नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे; बाँड म्हणजे तिचाच कागद. वर्षाला दीड लाख, तेही दहा वर्षं भरायचे, आणि पैसे विसाव्या वर्षानंतर. पाच हा आकडा त्या पानावर कुठेही नाही. मॅडमनी ३६ लाखांभोवती पेन्सिलनं गोल केलाय, त्या रकान्याच्या डोक्यावर ८ टक्के लिहिलंय. शेजारचा ४ टक्क्यांचा रकाना फोटोत तुमच्या अंगठ्याखाली अर्धा गेलाय, तरी २२ लाख वाचता येतात. हे दोन्ही दर नियमानुसार दाखवावे लागतात आणि दोन्ही नुसते गृहीत धरलेले असतात. ३६ लाख देतोच असं कंपनीनं कुठे म्हटलेलं नाही. खाली सही मात्र मिस्टरांची आहे.

आता आकडे. भरणार एकूण १५ लाख. ३६ लाख मिळाले तर परतावा वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास, २२ मिळाले तर अडीच. आठच्या रकान्यात पावणेसहा कसे, तर मधले कमिशन, खर्च आणि विम्याच्या किमतीत गेले. आणि पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळपास पंधरा टक्के लागतात. एवढी हमी देणारा माणूस बँकेच्या काउंटरवर बसत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे जाऊ नये.

बरं, विमा तरी पुरेसा आहे का? कर्ज ३८ लाखांचं आणि पॉलिसीचं विमा संरक्षण १५ लाखांचं. उद्या मिस्टरांचं काही बरंवाईट झालं तर २३ लाख आणि चौथीतली मुलगी तुमच्या एकटीच्या पगारावर. एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) त्यांच्या वयाला, तब्येत ठीक असेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडतो. तुमच्या गळ्यात मारलं ते त्याच्या दहापट महाग आणि कामाला सातव्या हिश्शाचं.

सुदैवानं वेळ गेलेली नाही. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवस 'फ्री लूक' असतो, त्या मुदतीत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकीचे पैसे परत येतात. दीड लाखांतले फार थोडे जातील. पण मिस्टरांचा ई-मेल आजच उघडा. पीडीएफ बाँडच्या आधी येऊन पडली असेल तर दिवस तेव्हापासूनच मोजले जातील.

अर्ज विमा कंपनीकडे द्यायचा, लेखी, पॉलिसी क्रमांक घालून, आणि पोच घ्यायची. मॅडमकडे जाऊ नका. त्या चहा पाजतील, 'एक वर्ष तर होऊ द्या' म्हणतील, पुढच्या सोमवारी या म्हणतील, आणि असे तीन सोमवार गेले की मुदत संपलेली असेल. मग सोडायची म्हटलं तर दीड लाखांतला मोठा लचका तुटतो. कंपनीनं टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा, त्यापुढे विमा लोकपाल आहे.

आता महिन्याचा ताळा, कारण तो तुम्ही मांडलेलाच नाही. ९२ मधून कर्जाचे ३३, भाड्याचे १५, घराचे ३० गेले की उरतात १४ हजार. पॉलिसीचे महिन्याकाठी साडेबारा. उपकरणांचा बारा महिन्यांचा हप्ता १५. म्हणजे १४ हजारांत साडेसत्तावीस हजार बसवायचेत. नव्या घरात गेल्यावर भाडं सुटेल, पण सोसायटीचा मेंटेनन्स लागेल. तो साडेतीन हजार धरला तरी तुम्ही दर महिन्याला दोन हजारांनी मागे, तेही कुणी आजारी पडलं नाही तर. आणि पडलं तर मोडायला एफडी उरलेली नाही. परत येणारे दीड लाख थेट एफडीत, किचनमध्ये नाही. (सासूबाईंनी दीड लाख दिलेत की तूर्त दिलेत, हेही एकदा घरात विचारून घ्या.)

'नो कॉस्ट' हा शब्द मला सहन होत नाही. दुकानदार रोखीनं १ लाख ६८ हजारांत द्यायला तयार आहे, असं तुम्हीच लिहिलंय. हप्त्यानं १ लाख ८० हजार. ते १२ हजार म्हणजेच व्याज, वर्षाला तेरा टक्क्यांच्या आसपास. वर कार्डाचं प्रोसेसिंग शुल्क आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. नाव बदलून तेच चालू आहे.

हाताशी ३ लाख आहेत, किचन तेवढ्यातच बसवा. फर्निचरमध्ये चकचकीत ॲक्रिलिकऐवजी लॅमिनेटची दारं घ्या, माळ्यावरचे खण तूर्त सोडा. सिंकखालच्या खणात मात्र काटकसर नको, तिथे आयएस ७१० चंच, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. डिशवॉशर आणि ओव्हन दीड वर्षानं घ्या. आता फक्त ६० सेंटिमीटरची रिकामी जागा, पाण्याचा कॉक, निचऱ्याची नळी आणि १६ अँपिअरचे दोन पॉइंट करून ठेवा. फरश्या बसल्यावर हेच काम बरंच महागात पडतं. हॉबही आत्ता नको. त्यासाठी दगडात एका मॉडेलच्या मापाचं भोक पाडावं लागतं आणि पुढचा हॉब त्या भोकात बसेलच असं नाही. सध्याची शेगडी चालतेय ना? चिमणी घ्या, रोखीनं.

आणि ओटा. ग्रॅनाइट. क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा रेझिनमध्ये बांधलेला. डाग कमी धरतो हे खरं, पण गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली तर रेझिन करपून कायमचा वण राहतो. ग्रॅनाइटला ती भीती नाही. डागांसाठी बसवताना सीलर मारून घ्या आणि अधूनमधून पुन्हा मारा. वाचलेल्या १८ हजारांत टर्म विम्याचा पहिला हप्ता निघतो.