सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि आजी बरोबर आहे

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. माहेर नागपूरचं, तिथल्या महाल भागातलं. पत्रात पाच प्रश्न आहेत. त्यातल्या एकावरच मी बहुतेक जागा घालवणार आहे, कारण बाकीच्यांतले तीन त्यातूनच निघालेले आहेत.

त्या लिहितात : "मुलगी सात वर्षांची आहे. मी स्वतः चित्रांची कार्डं केली, दीडशे मराठी शब्द तिला पाठ आहेत. पण रविवारी नागपूरला फोन लावला आणि आईने 'काय करून राहिली वं?' विचारलं, की ही माझ्या तोंडाकडे बघते. मग मी इंग्रजीत सांगते, ती इंग्रजीत उत्तर देते, मी आईला मराठीत सांगते. मागच्या रविवारी आई म्हणाली, 'भाजीवर सांबार टाकला का?' मुलगी हसत सुटली, भाजीवर सांबार कोण ओततं म्हणून. आई एकदम गप्प झाली. मी आईला म्हटलं, तू जरा शुद्ध बोलत जा ना तिच्याशी. काही चुकलं का माझं?"

हो, चुकलं. रागावू नका. परदेशात राहून मूल मराठी राहावं म्हणून कार्डं कापत बसणाऱ्या आईची धडपड मला कळते, आपल्यापैकी बहुतेकींनी ती केली आहे. पण तुमच्या घरात एकच माणूस असं होतं, की ज्याच्याशी बोलायला मुलीला मराठीच लागणार. त्यालाच तुम्ही चूक ठरवलंत, तेही मुलीसमोर.

सांबार हा शब्द चुकीचा नाही. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बटाट्याला आलू, शेंगदाण्याला फल्लीदाणे. पातेल्याला गंज म्हणतात आणि उलथण्याला सराटा. पुण्यात गंज लोखंडाला चढतो, नागपुरात गंजात भात शिजतो. दोन्ही मराठीच. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अशा शब्दांपुढे 'व.' म्हणजे वऱ्हाडी, 'ना.' म्हणजे नागपुरी अशा खुणा आहेत. 'अशुद्ध' अशी खूण नाही. हा कोश आणि मोल्सवर्थचा जुना कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. एखाद्या संध्याकाळी मुलीला मांडीवर घेऊन आजीचा शब्द त्यात शोधा. आजीचा शब्द पुस्तकात सापडला की सात वर्षांच्या मुलाला त्याचं केवढं अप्रूप वाटतं, ते आमच्या घरी पाहिलेलं आहे. आणि मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र रिद्धपूरला लिहिलं गेलं, म्हणजे अमरावती जिल्ह्यात. विदर्भाच्या माणसाने 'मले, तुले' म्हणताना ओशाळावं असं काही नाही.

मुलीला सांगायचं ते एवढंच : "आजीच्या घरी सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या आत्याकडे तिला कोथिंबीर म्हणतात. इडलीबरोबर वाटीत येतो तो सांबार वेगळा." तुम्हाला वाटतं मुलं गोंधळतील. नाही गोंधळत. अमेरिकेत कुकी म्हणतात त्याला इंग्लंडात बिस्किट म्हणतात, हे तिला कळतंच की. कोणाशी बोलताना कोणता शब्द, हे मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर धरतं. मात्र एक शब्द बरोबर आणि दुसरा हसण्यासारखा, हेही ते तितक्याच लवकर धरतं, आणि ते तुमच्या चेहऱ्यावरून धरतं.

आता कार्डांकडे येते. दीडशे शब्द पाठ असूनही मुलगी आजीपुढे का अडते? तुमच्या कार्डावर लिहिलंय 'शाळा'. आजी विचारते, "शाळेतून कवा आली?" त्या वाक्यात 'शाळा' कुठे आहे? कार्डावर 'पाणी', आजीच्या तोंडी 'पाण्यात'. कार्डावर 'लिंबू', आजी म्हणते 'लिंबाचा रस'. 'जीभ' आणि 'जिभेवर', 'फूल' आणि 'फुलाचा', 'सून' आणि 'सुनेला'. मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचं रूप बदलतं. शाळेत आपण त्याला सामान्यरूप म्हणत होतो आणि दोन मार्कांपुरतं पाठ करत होतो. घरी मोठं होणाऱ्या मुलाला ते कोणी शिकवत नाही, दिवसभर कानावर पडून ते बसतं. कार्डाने नेमका तोच भाग कापून टाकला. तुमच्या मुलीला दीडशे शब्दांचं एकेकच रूप येतं, आणि बोलण्यात ते रूप कमीच वेळा येतं.

मुलं नुसते शब्द साठवत नाहीत, नियम शोधतात. जीन बर्को या संशोधिकेने १९५८ मध्ये लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला एक बनावट नाव दिलं, आणि मग तसे दोन दाखवून अनेकवचन विचारलं. कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोबर केलं. हीच परीक्षा तुम्ही घरी घ्या. कागदावर काहीतरी गोल, केसाळ काढा. "हा टिमका. आता हे दोन...?" मुलगी 'टिमके' म्हणाली तर छान. मग "या टोपीचं काय करायचं? टोपी कोणाला घालायची?" 'टिमक्याला' आलं, तर व्याकरण बसतंय. 'टिमकाला' आलं, तर वाक्यं कमी ऐकली आहेत एवढंच समजायचं. तिला दुरुस्त करू नका. कांदा, मासा, घोडा, डोळा असे आकारान्त शब्द तिच्यासमोर जास्त बोला.

कसे बोलायचे, तेही सांगते. दिवसाला दोनच वस्तू घ्या, जास्त नाही. समजा कांदा. पोळ्या करताना ती ओट्यापाशी उभी आहे.

"कांदा दे." "कांद्याची सालं काढ." "कांद्याला किती पापुद्रे आहेत बघ." "कांद्याने डोळ्यांत पाणी आलं का?" "कांद्यात थोडं मीठ टाक."

पाच वाक्यं, पाच रूपं, दीड मिनिट. दुसऱ्या दिवशी हीच पाच वाक्यं लिंबाला लावून बघा, तिसऱ्या दिवशी परत कांदा. आठवडाभराने तीच तुम्हाला म्हणेल, "कांद्याचं काय करू?" दोन चुका मात्र टाळा. "कांद्याला इंग्रजीत काय म्हणतात?" असं विचारायचं नाही, त्याने मराठी शब्द इंग्रजीच्या पाठीवर बसतो आणि कायम तिथेच राहतो. आणि हातात कांदा धरून "सांग, हे काय आहे?" असंही नाही. कांदा काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, हे तिलाही माहीत असतं. ती परीक्षा झाली, बोलणं नाही.

ज्या शब्दांना इंग्रजीत जोडीदारच नाही, तिथे भाषांतर आणखी घात करतं. 'उष्टं' हा शब्द घ्या. आपल्यापैकी कितीजणींनी तो मुलांना 'डर्टी' म्हणून सांगितलाय! मग नागपूरला गेल्यावर आजीने स्वतःच्या ताटातला घास पुढे केला, की मूल तोंड फिरवतं. उष्टं म्हणजे घाण नव्हे. ज्याला कोणाचं तोंड लागलंय ते उष्टं. देवाला चालत नाही, पाहुण्याला वाढत नाहीत, पण आईचं उष्टं लेकरू खातं आणि लेकराचं उष्टं आई खाते. हा अर्थ एका शब्दात मावत नाही, चार प्रसंग लागतात. पाहुण्यांच्या ताटात वाढताना म्हणा, "तो चमचा नको, उष्टा आहे." तिच्या बशीतला उरलेला तुकडा स्वतः खाताना म्हणा, "तुझं उष्टं मला चालतं." चौथ्या प्रसंगाला अर्थ तिचा तिला सापडतो. रुसणं, चिडणं, रागावणं यांचंही तसंच. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द वापरून मोकळं होता येतं, पण रुसलेल्या मुलाची समजूत काढायची असते आणि रागावलेल्या माणसापासून जरा लांब राहायचं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रविवारचा फोन. तुम्ही दुभाषी होणं आजच बंद करा. भाषाशास्त्रज्ञ एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेतल्या दुभाषिक मुलांवरच्या कामात, १९९२ च्या सुमारास, एक गोष्ट नीट मांडली : मूल दुसऱ्या भाषेत बोललं की मोठी माणसं पाच तऱ्हांनी वागतात. कळलं नाही असं दाखवतात, अंदाज करून आपल्या भाषेत विचारतात, तेच आपल्या भाषेत म्हणतात, तसंच पुढे जातात, किंवा स्वतःच भाषा बदलतात. पहिल्या तऱ्हेने मूल आपल्या भाषेकडे सगळ्यात जास्त ओढलं जातं, शेवटच्या तऱ्हेने सगळ्यात कमी. पण सात वर्षांच्या मुलीपुढे तुम्हाला इंग्रजी कळत नाही असं दाखवणं खोटं वाटेल. तुमच्यासाठी दुसरी तऱ्हा. तिने इंग्रजीत पाणी मागितलं, की "पाणी पाहिजे? गार की साधं?" विचारा. दोन पर्याय दिले की "गार" तरी मराठीत येतं. "मराठीत बोल!" म्हणून हुकूम सोडला की मूल मराठीत नाही बोलत, बोलणंच थांबवतं. पहिली तऱ्हा मात्र आजीची आहे, आणि तिच्या तोंडी ती खरी आहे. तिला खरोखरच कळलेलं नसतं. त्या अडचणीतूनच मुलीच्या तोंडून मराठी येणार होती. तुम्ही मध्ये पडून ती अडचण दूर करत आलात.

शिवाय नागपूरकरांची एक सवय आहे : समोरचा अडला की लगेच हिंदीत शिरायचं. शहराचा इतिहासच तसा आहे, १९५६ पर्यंत नागपूर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही मुलखांच्या प्रांताची राजधानी होतं. पण तुमच्या मुलीला त्याने तिसरंच कोडं पडेल. मराठीत 'खाली' म्हणजे तळाशी, हिंदीत रिकामं. मराठीत शिक्षा भोगायची असते, हिंदीत घ्यायची. आईला सांगा, हिंदी नको, पाच आकडे मनात मोजेपर्यंत थांब आणि मग तेच वाक्य परत म्हण. सोपं करून नको, तेच.

आणि फोनला काहीतरी काम द्या. "कशी आहेस, जेवलीस का" यावर कोणतंही मूल दोन मिनिटांत संपतं. रविवारी सकाळी साडेआठ, तिकडे नागपूरला संध्याकाळचे सहा. (नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की तिकडे सात.) फोन ओट्यावर उभा करा, कॅमेरा चेहऱ्यावर नाही, चाळणीवर. आजीने आलूपोहे सांगायचे, मुलीने करायचे. जाड पोहे दोन वाट्या, चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवायचे. गंजात भिजवले तर लगदा होतो, आणि तो आजी फोनवरूनही ओळखेल. फल्लीदाणे मूठभर, मूठ कोणाची हे आजीला विचारायचं. गॅसपाशी तुम्ही, बाकी सगळं ती : धुणं, मोजणं, सांबार निवडणं, लिंबू पिळणं. आदल्या दिवशी तिच्याकडून तीनच प्रश्न घोटून घ्या : "किती?", "आता काय?", "झालं का?" या तीन प्रश्नांवर वीस मिनिटं निघतात. पोह्यांवरची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, पुढच्या महिन्यात.

तिने आजीकडून 'सराटा' उचलला आणि तुमच्या पुण्याच्या नवऱ्याला तो कळला नाही, तर तिलाच समजावू द्या. जो शब्द आपण दुसऱ्याला समजावतो, तो आपला होतो.

उरलेले प्रश्न. शाळेतल्या बाईंनी "घरी इंग्रजीच बोला" सांगितलं असेल तर नम्रपणे ऐका आणि घरी मराठीच बोला, दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं मागे पडत नाही. 'ळ' जमत नाही म्हणून काळजी आहे. वर्कर आणि टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं, की परक्या भाषेतले काही बारीक फरक ऐकण्याची बाळांची क्षमता वर्षाच्या आतच मंदावते. पण तुमच्या मुलीने 'ळ' पाळण्यातच ऐकलाय, कान तयार आहे, जीभ येईल. वऱ्हाडात खेड्यापाड्यांत डोळ्याला 'डोया' म्हणतात, त्यांचं काही अडलेलं नाही. शनिवारच्या मराठी शाळेत जरूर घाला, पण ती रविवारच्या फोनऐवजी नको. आईच्या प्रवासाच्या विम्याचं पुढच्या वेळी लिहिते.

आणि आज रात्री, मुलगी झोपल्यावर, नागपूरला सकाळ असेल तेव्हा आईला फोन करा. सांगा, "आई, तू बोलत होतीस तशीच बोल तिच्याशी." रविवारी फोन ओट्यावर उभा करून दिला, पोहे परतून झाले, गॅस बंद केला, की बाजूच्या खोलीत जाऊन बसा. आतून हाक आली, तरी एकदा थांबा.